जमिनीवरची बेटे आणि त्यांचे राखणदार

न्यूझीलंडच्या नैऋत्य किनाऱ्यालगत रिझोल्यूशन नावाचे एक बेट आहे. १८९४ मध्ये तिथल्या सरकारने रिचर्ड हेन्री या माणसाला त्या बेटाचा राखणदार नेमले. बाहेरून आणून सोडलेले स्टोट नावाचे लहान पण अत्यंत चपळ मांसाहारी प्राणी मुख्य भूमीवर काकापो आणि किवी या न उडणाऱ्या पक्ष्यांचा फडशा पाडत होते. हेन्रीने शिकवलेल्या कुत्र्याच्या मदतीने असे शेकडो पक्षी पकडले, होडीतून बेटावर नेले आणि तिथे सोडले. ओसाड बेटावर पावसापाण्यात वर्षानुवर्षे राहून त्याने हे काम केले. १९०० मध्ये बेटावर स्टोट दिसला. तो किनाऱ्यावरून पोहत आला होता. हेन्रीच्या निष्ठेत काही उणे नव्हते, त्याच्या निरीक्षणातही नव्हते. पक्ष्यांच्या सवयींविषयी त्याने जे लिहून ठेवले ते अभ्यासकांना पुढेही उपयोगी पडले. उणे होते ते योजनेच्या मुळाशी असलेल्या समजुतीत. बेट पाण्याने वेढलेले आहे म्हणजे ते सुरक्षित आहे, अशी ती समजूत होती. प्रत्यक्षात बेटाचे भवितव्य समोरच्या किनाऱ्यावर ठरत होते, आणि तिथे राखणदाराला ना अधिकार होता ना नेमणूक.

हे उदाहरण इतक्या दूरचे घेण्याचे कारण असे की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या वन्यजीवरक्षकांचे काम समजून घ्यायला याहून नेमके उदाहरण सापडत नाही. खान्देशाला समुद्र नाही, पण इथली अभयारण्ये बेटेच आहेत. सातपुड्याच्या कुशीत मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेले यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर आहे. शिरपूर तालुक्यातले अनेर धरण अभयारण्य १९८६ चे, सुमारे ८३ चौरस किलोमीटरचे. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेत चाळीसगावपर्यंत पसरलेले गौताळा औट्रमघाट अभयारण्यही १९८६ चेच, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे. पूर्वेला मुक्ताईनगर तालुक्यात २०१४ मध्ये मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. या चारही क्षेत्रांच्या मधे पसरले आहे ते तापी-पूर्णा-गिरणेच्या काळ्या जमिनीवरचे केळी, कापूस, तूर आणि मक्याचे पीक, रस्ते, रेल्वे, कालवे आणि गावे. या पुस्तकाचा विषय आहे अशा बेटांवर नोकरी करणारा माणूस: वनरक्षक, वनपाल, वनमजूर. त्यांच्या कामाविषयी एकच म्हणणे इथे मांडायचे आहे. राखणदाराची नेमणूक हद्दीच्या आत असते, हजेरी आत लागते, यशापयश आतल्या आकड्यांनी मोजले जाते. पण जंगल टिकणार की नाही हे ज्या कामावर ठरते ते बहुतांशी हद्दीच्या बाहेरचे असते. आपली व्यवस्था त्या बाहेरच्या कामाला काम मानत नाही.

बेट ही उपमा म्हणून नव्हे, शास्त्रीय अर्थाने वापरतो आहोत. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांवरच्या जीवसृष्टीचा सिद्धान्त मांडला. बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या कमी जाती त्यावर टिकतात. एखादी जात तिथून नाहीशी झाली तर तिची जागा भरून काढणारे प्राणी बाहेरून येण्याची शक्यताही तितकीच कमी. हा नियम जमिनीवरच्या राखीव जंगलांनाही लागू पडतो का, हे पुढच्या अभ्यासकांनी तपासले. विल्यम न्यूमार्क यांनी १९८७ मध्ये पश्चिम उत्तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या नोंदी तपासल्या. उद्याने स्थापन झाल्यानंतर त्यांतून सस्तन प्राण्यांच्या जाती नाहीशा झाल्या होत्या, आणि जी उद्याने लहान होती त्यांनी प्रमाणाने अधिक जाती गमावल्या होत्या. अमेरिकेतल्या त्या उद्यानांशी तुलना केली तर यावल किंवा अनेर म्हणजे ठिपके. एका नर वाघाला कोरड्या, विरळ जंगलात शंभर चौरस किलोमीटरही पुरत नाहीत. म्हणजे यावलमध्ये उद्या एकही झाड तुटले नाही, एकही शिकार झाली नाही, तरी फक्त त्या १७८ चौरस किलोमीटरच्या भरवशावर वाघांची टिकाऊ संख्या तिथे उभी राहू शकत नाही. मुळात बाहेरून येणाऱ्यांवर अवलंबून असलेल्या जंगलाची राखण आतूनच पूर्ण होईल असे मानणे गणितातच बसत नाही.

ही बेटे निसर्गाने घडवलेली नाहीत, आणि ती फार जुनीही नाहीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खान्देशाविषयीचा खंड १८८० मध्ये निघाला. वाघ मैदानी खान्देशातही वावरत असल्याच्या आणि तो काळ लोकांच्या आठवणीतून अजून पुसला न गेल्याच्या खुणा त्यात आहेत. १८२५ मध्ये भिल्ल कोअर ही भिल्लांची पलटण उभारणारा ब्रिटिश अधिकारी जेम्स आउट्रम वाघांचा शिकारी म्हणून नावाजला गेला, तो याच मुलखात. शेतीचा विस्तार व्हावा म्हणून हिंस्र प्राणी मारणे हे तेव्हा प्रशासनाचे उघड धोरण होते. मग १८६० च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले आणि मैदानातले उरलेसुरले रान नांगराखाली गेले. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर राहिले ते मुख्यतः नांगर तिथे चालत नव्हता म्हणून. आज त्याच आउट्रमच्या नावाचा घाट एका अभयारण्याच्या नावात वसला आहे, हा इतिहासाचा विनोद आहे खरा. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जंगल ज्या हातांनी तुटले ते हात धोरणाचे, बाजारभावाचे आणि पिकांचे होते, आणि ते सगळे जंगलाबाहेरचे होते. हद्दीवर उभा राहणारा एकटा वनरक्षक या शक्तींना दंडुक्याने अडवू शकत नाही. त्यांच्याशी त्याला बोलावे लागते.

राखणदाराच्या कामाची दुसरी बाजू नोंदीची, आणि तिचे महत्त्व सांगणारी सर्वांत मोठी घटनाही याच प्रदेशात घडली. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये शास्त्राला परिचित करून दिला. पश्चिम खान्देशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात त्याचे काही नमुने गोळा केले. त्यानंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने होते. त्यांतला एक रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केला होता. पुढे उघड झाले की तो नमुना डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने पेंढा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोध घेणारे चुकीच्या ठिकाणी हिंडत राहिले. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी खोटी नोंद बाजूला सारली, खऱ्या नोंदींच्या गावांकडे मोर्चा वळवला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळ, रानपिंगळा पुन्हा पाहिला. मधे ११३ वर्षे गेली होती. हा पक्षी दिवसाढवळ्या, बोडक्या फांदीच्या शेंड्यावर बसतो. त्याला दडून राहण्याची सवय नाही. म्हणजे त्या परिसरात राहणाऱ्या, गुरे चारणाऱ्या, गस्त घालणाऱ्या कितीतरी डोळ्यांनी तो पाहिला असणार. त्यांच्या पाहण्याला नोंदवहीत जागा नव्हती, एवढेच. नंतर रानपिंगळा यावलच्या जंगलातही नोंदला गेला, मेळघाटात त्याची मोठी संख्या आढळली, आणि २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याचे स्थान ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आले. एका खोट्या चिठ्ठीने जे नुकसान केले आणि खऱ्या नोंदीने जे परत मिळवले, त्या दोन्हींवरून राखणदाराच्या डायरीची किंमत ठरवायला हवी.

आता त्या माणसाचा दिवस कशात जातो ते पाहू. वनरक्षकाकडे एक नियतक्षेत्र असते. बोलीत सगळे त्याला बीटच म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषा काढून पाला जाळून घ्यायचा, म्हणजे वणवा एका खोऱ्यातून दुसऱ्यात शिरत नाही. सुकीसारख्या नद्यांचे डोह आटले की पाणवठ्यांत टँकरने पाणी पडते की नाही ते पाहायचे, आणि त्याच पाणवठ्यांवर कोणी फास लावला नाही ना तेही. सागाचे ताजे बुंधे मोजायचे, गुन्हा नोंदवायचा, पंचनामा करायचा, मुद्देमाल डेपोत पोहोचवायचा, आणि मग वर्षानुवर्षे तारखांना हजर राहायचे. सलई आणि धावड्याचा डिंक, तेंदूपत्ता, मोहाची फुले यांच्या हंगामात जंगलात माणसांची वर्दळ वाढते. त्यांतले कोण पोटासाठी आले आणि कोण व्यापाऱ्यासाठी, हे ओळखायचे. गणनेच्या दिवसांत विष्ठा, ठसे, ओरखडे टिपायचे. ही यादी कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत सापडेल. जे सापडणार नाही ते असे: शेजारच्या गावात गाय मारली गेली तर त्याच दिवशी तिथे पोचणे. वरवर पाहता ही कागदपत्रांची बाब आहे. पण नुकसानभरपाईसाठी पंचनामा वेळेवर लागतो, आणि तो होईल असा विश्वास नसेल तर मेलेल्या जनावरावर विष टाकले जाते. रानडुकरांनी मका लोळवला की काही शेतांच्या कुंपणात वीज सोडली जाते. डुकरासाठी लावलेल्या तारेला बिबट्या किंवा अस्वल चिकटते. विष पडणार की नाही, तार जोडली जाणार की नाही, हा निर्णय हद्दीबाहेरच्या एका घरात, बहुधा रात्री, कोणत्याही पहाऱ्याच्या आवाक्याबाहेर होतो. त्या घरात वनरक्षकाच्या शब्दाला मान असणे हीच तिथली एकमेव राखण.

यावर पहिला आक्षेप अनुभवी अधिकाऱ्यांकडूनच येईल. हद्द सैल केली की कुऱ्हाड आत येते. सलोख्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी शेजारच्या बऱ्हाणपूर जिल्ह्याकडे पाहावे, जिथे २०२२-२३ मध्ये अतिक्रमणासाठी जंगलाचे मोठे पट्टे तोडले गेले. आक्षेप पोकळ नाही. संघटित तोड आणि शिकार यांच्यापुढे समजुतीचे बोलणे चालत नाही. तिथे बंदोबस्तच लागतो, आणि जंगलाचा गाभा माणसाच्या वापरापासून मोकळा राहिला पाहिजे. पण बंदोबस्त तरी कशावर चालतो? रात्री कोणत्या नाल्यातून ट्रॅक्टर निघणार ही बातमी गावातूनच येते. ती येणे बंद झाले की दहा माणसांची गस्तही आंधळी. शिवाय ‘हद्द पक्की करा’ म्हणणाऱ्यांनी वाघांच्या पायांकडे पाहायला हवे. टिपेश्वर अभयारण्यात गळपट्टा लावलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातली शेते, रस्ते आणि नद्या ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२१ च्या मार्चमध्ये गौताळ्यात अनेक दशकांनी वाघ कॅमेऱ्यात दिसला, तोही टिपेश्वरकडूनच आलेला. पक्की हद्द असती तर हे दोन्ही वाघ कुठेच पोचले नसते. कायद्यानेही हे ओळखले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम ३३-अ अभयारण्यापासून पाच किलोमीटरपर्यंतच्या गुरांच्या लसीकरणाविषयी बोलते, कारण लाळ-खुरकूत हद्दीचा खांब वाचत नाही. २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद आली आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींना जागा मिळाली. मुक्ताई-भवानी क्षेत्र त्याच तरतुदीखालचे. कायदा हद्द ओलांडून गेला आहे, नेमणुका मात्र अजून खांबाशीच थांबल्या आहेत.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो नैतिक आहे. पावरा, भिल्ल आणि तडवी समाज इथे वनखात्याच्या आधीपासून आहेत. ज्यांच्या पूर्वजांना जंगल राखीव करताना विचारलेही नाही, त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्याची थोरवी कशाला गायची? या आक्षेपातला इतिहास खरा आहे. २००६ चा वनहक्क कायदा आपल्या प्रास्ताविकातच या अन्यायाची कबुली देतो. यावलच्या आतल्या आणि भोवतालच्या पाड्यांत दाव्यांवरून झालेले झगडे कटू होते, आणि काही अजून मिटलेले नाहीत. पण यातून राखणदार नकोच असा निष्कर्ष निघत नाही. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला हक्क दिले तसे कलम ५ खाली वन्यजीव, वने आणि जैवविविधता राखण्याचे अधिकारही दिले. म्हणजे राखणे हे काम कायद्याने रद्द केले नाही, त्यात भागीदार वाढवले. जुन्या दाव्याचा माणूस आणि काल आलेला अतिक्रमक यांच्यात फरक करायचा तर ज्याला खोऱ्यातले प्रत्येक जुने वावर माहीत आहे असा माणूस लागतो. असा वनरक्षक दावेदाराचा उत्तम साक्षीदार होऊ शकतो. तो दरवेळी तसा वागतो असे नाही. पण दोन वर्षांत बदली होणाऱ्या, पावरी बोलीचा एक शब्द न कळणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षाच करता येत नाही. दोष भूमिकेत कमी आणि ती ज्या अटींवर दिली जाते त्यांत जास्त आहे.

तिसरा प्रश्न शेतकऱ्याचा. भ्रमणमार्ग हा शब्द शहरात गोड वाटतो. पूर्णेच्या काठावर केळीच्या बागेत रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा कळतो. जंगलाचा लाभ सगळ्यांना आणि धोका मात्र त्यालाच, ही तक्रार रास्त आहे. तिला उत्तर म्हणून उपदेश करणे अशोभनीय ठरेल. वेळेवर आणि पुरेशी भरपाई, दिवसा वीजपुरवठा, वावराजवळची सुरक्षित झोपडी ही खरी उत्तरे आहेत. तरीही एक गोष्ट त्याच्याच हिशेबातली आहे. यावल-रावेर-चोपड्याची केळी भूजलावर उभी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे. डोंगरातले ओढे त्या थरात मुरतात आणि तेच पाणी पुढे विहिरी-कूपनलिकांत येते. तिथली पाणीपातळी सतत खोल चालली आहे हे त्या तालुक्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डोंगर बोडका झाला की पाऊस मुरण्याऐवजी गाळ घेऊन धावतो. सुकी, अभोरा, मोर या धरणांमागचे डोंगर राखणारा माणूस म्हणून बागायतदाराचाही नोकर आहे. बेट आणि भोवतालचे शेत यांचा संबंध एकाच दिशेने नुकसानीचा नाही, हे त्याला हिशेबासह सांगायला मधे कोणीतरी हवे. तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या कार्यशाळेने ते होत नाही. रोज त्याच वाटेने जाणाऱ्याने सांगितले तर ऐकले जाते.

राहिला तंत्रज्ञानाचा मुद्दा. उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, कॅमेरा ट्रॅप आहेत, गस्तीची वाट मोबाइलवर आपोआप नोंदवणारी प्रणाली आहे; मग बीटवरच्या माणसावर इतका भर कशासाठी? या साधनांचे स्वागतच करायला हवे. वणवा कुठे पेटला हे उपग्रह वनरक्षकाच्या आधी सांगतो, आणि कॅमेऱ्याने वाघांची गणती पूर्वीच्या अंदाजांपेक्षा पुष्कळ विश्वासार्ह केली. पण वणवा कोणी आणि कशासाठी लावला, मोह वेचणे सोपे व्हावे म्हणून की कोणाचा सूड म्हणून, हे उपग्रहाला दिसत नाही; आणि पुढच्या वर्षी तो लागू नये यासाठी हेच कळणे गरजेचे असते. शिवाय यंत्राने एक नवा धोकाही आणला आहे. गस्तीचे किलोमीटर मोजले जाऊ लागले की किलोमीटर वाढतात. ज्या दिवशी वनरक्षक पाड्यावर बसून दोन घरांतला गुरांच्या चराईचा तंटा सोडवतो, त्या दिवशी नकाशावर त्याची रेघ आखूड दिसते. त्याचा सर्वांत कामाचा दिवस अहवालात सर्वांत कमी कामाचा ठरतो.

यातून निघणाऱ्या मागण्या साध्या आहेत. वनरक्षकाचा एका बीटवरचा कार्यकाळ वाढवावा आणि त्या काळात स्थानिक बोली शिकण्याला प्रशिक्षणाचा दर्जा द्यावा. त्याची डायरी तपासणीपुरती न राहता परिक्षेत्राच्या कायमच्या दफ्तरात जावी, म्हणजे बदलीबरोबर ज्ञानही निघून जाणार नाही. गावातल्या पंचनाम्याला लागलेला वेळ, विषबाधा आणि वीजप्रवाहाने झालेले मृत्यू, शेजारच्या गावांतून आलेल्या बातम्या या गोष्टी त्याच्या मूल्यमापनात गस्तीच्या बरोबरीने याव्यात. आणि वनमजुरांना, जे बहुधा त्याच पाड्यांतले असतात आणि ज्यांच्याकडे हे नाते जन्मतःच असते, हंगामी हजेरीच्या अनिश्चिततेतून बाहेर काढावे. मारुती चितमपल्लींच्या लेखनाने मराठी वाचकाला जंगल दाखवले. ते स्वतः वनाधिकारी होते आणि त्यांच्या लेखनातले कितीतरी ज्ञान आदिवासी सोबत्यांकडून आल्याचे त्यांनी मोकळेपणाने मांडले. खात्याच्या व्यवस्थेत मात्र अशा देवाणघेवाणीला अजून रकाना नाही. हेन्रीला समोरच्या किनाऱ्यावरच स्टोट रोखण्याचा मार्ग नव्हता. यावलच्या, अनेरच्या, मुक्ताईनगरच्या राखणदाराला हद्दीबाहेर काही करण्याचा मार्ग आहे, तो रोज तिथूनच जातो. त्या जाण्याला कामाचा दर्जा द्यायचा की भत्त्याबाहेरची उठाठेव म्हणून सोडून द्यायचे, हे वनखात्याने आणि खान्देशातल्या समाजाने ठरवायचे आहे. पुढची पाने वाचताना वाचकाने हा प्रश्न सोबत ठेवावा.